पत्र पोचलं असतं तर?

'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या त्या दोन मृत्यूंचं खापर कुणावर फोडायचं? सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे पत्र. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने ४२ तास झोपली आहे, हे कळवणारं पत्र घेऊन निघालेला फ्रायर जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि मांतुआला पोचतच नाही. आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की बंद पडलेल्या भागाकडे असंच बोट दाखवतात. पण सगळा डोलारा त्या एकाच भागावर उभा केला कुणी, हेही विचारायला लागतं.

इथे तो फ्रायर लॉरेन्सने केला.

घराण्यांचं वैर आहेच. पण वैराने मर्क्युशिओ आणि टिबाल्ट मरतात, भर रस्त्यात, तलवारीने. या दोघांना कुणी ठार मारत नाही. त्यांना गुपित भोवतं, आणि ते सांभाळणारा लॉरेन्स आहे.

चौथ्या अंकाची सुरुवात बघा. पॅरिस येऊन सांगतो, गुरुवारी ज्युलिएटशी माझं लग्न आहे. लॉरेन्स म्हणतो, फार घाई होतेय. आणि स्वतःशीच पुटपुटतो, की थांबायचं कारण मला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. अरे, मग सांग ना! तिचं लग्न झालंय, मीच लावलंय. एवढंच. कॅप्युलेटने थयथयाट केला असता, पोरीला घराबाहेरही काढलं असतं, लॉरेन्सची अब्रू गेली असती. पण पोरगी जिवंत राहिली असती. तो तिच्या हातात बाटली देतो.

तिला चौदावं वर्ष पूर्ण व्हायचंय अजून. बाटली तोंडाला लावण्याआधी तिच्या मनात येतं, हे विषच असलं तर? आधीचं लग्न यानेच लावलंय, ते उघडं पडू नये म्हणून? लगेच ती तो विचार झटकते, माणूस सज्जन आहे म्हणून. बाटलीत विष नव्हतं, पण त्याची भीती तिने बरोबर ओळखली होती. शेवटी थडग्यात ती जागी होते, पहारेकऱ्यांची चाहूल लागते, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो म्हणतो, ती हलत नाही, आणि हा चक्क निघून जातो. प्रेत, खंजीर आणि ती. मला हे त्या पत्रापेक्षा कितीतरी भयंकर वाटतं.

त्याचा हेतू चांगला होता, असं म्हणतात. होता. या लग्नाने वैर मिटेल म्हणूनच तो तयार झाला. म्हणजे त्याच्या लेखी दोन पोरं तहाचा कागद होती.

शेक्सपिअरने ही गोष्ट आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या काव्यातून घेतली. त्यात शेवटी निकाल लागतो: दाई हद्दपार, विष विकणाऱ्याला फाशी. फ्रायर सुटतो आणि एकांतात जाऊन राहतो. शेक्सपिअरने हे गाळलं. त्याचा राजा फक्त म्हणतो, काहींना माफी, काहींना शिक्षा. कुणाला काय, ते नाही. पण लॉरेन्सला मात्र तो आधीच सांगून बसलाय, की आम्ही तुला नेहमीच साधुपुरुष मानत आलोय.

तिकडे मांतुआत तो उपाशी औषधविक्या आहे, पोटासाठी विष विकलेला. माझी पैज त्याच्या गळ्यावर.