दूरचित्रवाणीने शिकवले, की शेजारी बसलेल्या आईने?

'शैक्षणिक कार्यक्रम लावून दिला की मूल आपोआप शिकते,' असे मानणारे पालक शिक्षकांना नेहमी भेटतात. आता तीच समजूत मोबाइलवरील चित्रफितींबाबतही आढळते. तिच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट' या मालिकेचा दाखला देता येईल. तो कितपत टिकतो, हे आपण तपासून पाहू.

ही मालिका १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. शाळेत जाण्यापूर्वीच्या मुलांची, विशेषतः गरीब घरांतील मुलांची, तयारी करून घेणे हा तिचा हेतू. बाहुल्या आणि गाणी यांतून अक्षरे, अंक व आकार शिकवले जात. मुलांचे लक्ष कुठे उडते हे मोजून भाग सुधारले जात. निर्मात्यांच्या या शिस्तीचे कौतुक करायलाच हवे.

पहिल्याच वर्षी 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' या संस्थेने मालिकेच्या परिणामांची पाहणी केली. १९७० सालचा निष्कर्ष असा होता: जी मुले जास्त पाहतात, ती जास्त शिकतात. पण पाहणीच्या रचनेत एक गोम होती. ज्या मुलांनी कार्यक्रम पाहावा अशी अपेक्षा होती, त्यांच्या घरी कार्यकर्ते जात, पालकांना प्रोत्साहन देत, पूरक साहित्य पुरवत. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. रोपाला खत आणि पाणी दोन्ही वाढवायचे आणि श्रेय मात्र एकट्या खताला द्यायचे, तसेच हे झाले.

थॉमस कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली तीच आकडेवारी पुन्हा तपासली. प्रोत्साहन न मिळालेल्या मुलांचा लाभ बराच कमी आणि थोड्याच कौशल्यांपुरता दिसला.

मग नुसते पाहणे व्यर्थ का? तसेही नाही. केर्नी व लेव्हाइन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रक्षेपण चांगले दिसणाऱ्या आणि नीट न दिसणाऱ्या भागांची तुलना केली. चांगले प्रक्षेपण मिळालेल्या भागांत, शाळेत वयानुरूप इयत्तेत असणाऱ्या मुलांचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे पडदा काही शिकवतो. पण माणसाची जोड मिळाली तर शिकणे अधिक विस्तारते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांबाबत तर ही जोड फारच महत्त्वाची. समोरच्या माणसाने करून दाखवलेली कृती ती जितकी सहज उचलतात, तितकी पडद्यावरची उचलत नाहीत, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

मात्र पालकसभेत 'मुलाशेजारी बसून कार्यक्रम पाहा' एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. सवड असलेल्या घरांनाच तो सल्ला पाळता येतो, आणि ज्या मुलांसाठी कार्यक्रम केला तीच मागे राहतात. दिवसभर राबून आलेल्या आईला अर्धा तास बसणे जमणार नाही. पण भाकरी थापताना 'आज टीव्हीत काय मोजलं रे? आता या भाकरी मोज बघू,' एवढे ती नक्की विचारू शकते. त्यासाठी तिला स्वतःला लिहिता-वाचता यायलाच हवे असेही नाही. कार्यक्रमाने पेरलेले अशा प्रश्नांनीच रुजते. शिक्षकांनी पालकांना असे दोन-चार प्रश्न सुचवावेत.