कादंबरीतले पोरके पिल्लू

आपण ज्या वाङ्मयप्रकाराला ‘कादंबरी’ म्हणतो, त्याच्या नावामागे एक पोरके राघूचे पिल्लू उभे आहे असे सांगितले, तर फराळाला बसलेले वाचक हसतील. पण हिशेब सरळ आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहिली आणि तिच्यातील नायिकेचे नाव पुढे मराठीत साऱ्या प्रकारालाच चिकटले. (लातूरची शीव ओलांडून बीदरच्या अंगाला गेले, की कानडीतही हाच शब्द भेटतो.) ही अवघी कथा शूद्रक राजाला सांगतो कोण? वैशंपायन नावाचा पोपट. आणि तो आरंभ करतो तो आपण पोरके कसे झालो येथून.

आमच्या मुलांच्या मासिकांतून पडलेल्या पिल्लाची गोष्ट वरचेवर भेटते. वळवाच्या वादळात घरटे कोसळते, एक मुलगा पिल्लू उचलतो, खोक्यात कापूस घालून ठेवतो, बोटाने दूध पाजतो. तिसऱ्या दिवशी पिल्लू मरते, मुलगा रडतो आणि आजी जन्ममरणाविषयी दोन शब्द बोलते. या गोष्टी वाईट हेतूने लिहिलेल्या नसतात, पण त्यांत पिल्लू कुठेच नसते. असतात ती मुलाची आसवे. पिल्लू जगले तर त्याला वाढवावे लागेल, तासातासाला भरवावे लागेल, पुढे त्याचे काय करायचे ते ठरवावे लागेल. एवढी उस्तवार लेखकाला नको असते, म्हणून तो त्याला मारून मोकळा होतो!

बाणाने हे टाळले आहे. विंध्यारण्यात पंपा सरोवराकाठी एक जुनाट सावरीचे झाड आहे, त्याच्या ढोलीत हे पिल्लू जन्माला येते. आई बाळंतपणातच जाते, म्हातारा बाप त्याला वाढवतो. एके दिवशी शबरांची टोळी शिकारीला येते. टोळी निघून गेल्यावर मागे राहिलेला एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि फळे तोडावीत तशी ढोल्यांतली पिल्ले काढून, मुरगाळून खाली टाकू लागतो. बाप पिल्लाला पंखांखाली घेतो. शबर बापाची मान मुरगाळतो, पंखाखालचा जीव त्याच्या ध्यानातच येत नाही, आणि ते पिल्लू बापाच्या कलेवराबरोबर पाचोळ्याच्या ढिगावर पडून वाचते. बाप नुकताच मेला आहे आणि तरीही आपल्याला जगावेसे वाटते, पाणी हवेसे वाटते, याची त्या जीवाला लाज वाटते. दुपारच्या उन्हात ते पाण्याच्या दिशेने सरपटते, तोंडावर पडते, पुन्हा उठते. हा मजकूर लातूरकराने वाचावा. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याने भरलेल्या वाघिणींची आगगाडी लातूरला आली, तिची वाट पाहिलेल्या माणसाला बाणाची लांबलचक विशेषणे येथे लांब वाटणार नाहीत.

ही तहान बाणाला कोठे मिळाली? ‘हर्षचरिता’त त्याने आपली हकीकत दिली आहे. त्याची आई लहानपणीच गेली, बापाने आईच्या मायेने वाढवले आणि बाण चौदा वर्षांचा असताना तोही गेला. लेखकाच्या चरित्रातून त्याच्या कृतीचा अर्थ काढणे धोक्याचे असते, हे मला मान्य आहे. पण आई नसलेल्या पिल्लाला पंखाखाली घेणारा तो म्हातारा पोपट वाचताना ही आठवण बाजूला सारता येत नाही.

नांदेडहून गोदावरीच्या उगमाकडे चालत गेले की गंगाखेड लागते, ते जनाबाईचे गाव. आईवेगळी जनी लहानपणीच पंढरपुरास नामदेवांच्या घरी गेली, असे परंपरा सांगते. तिच्या एका अभंगात चाऱ्यासाठी दूर गेलेली पक्षीण आहे, आकाशात फिरता फिरता पिल्लांकडे झेपावणारी घार आहे. स्वतः पोरकी असलेल्या जनीने पाहिली ती परत येणारी आई. बाणाने पाहिले ते जिला परत यायचेच नाही अशा आईचे पिल्लू. मला जनीचा अभंग अधिक प्रिय आहे. पण पोरक्याला उचलणाऱ्या हातांविषयी काही शिकायचे असेल तर बाणाकडेच जावे लागते.

मार्कंडेय पुराणातही अशी पिल्ले आहेत. कुरुक्षेत्रावर बाणाने पोट फाटलेल्या पक्षिणीची अंडी खाली पडतात आणि हत्तीची तुटलेली घंटा त्यांच्यावर पालथी पडते. युद्धानंतर शमीक ऋषी घंटा उचलतात तो आत चार पिल्ले! मांजर, उंदीर, ससाणा, मुंगूस यांचे भय नसेल अशा जागी त्यांना ठेवा, असे ते शिष्यांना सांगतात. केवढी ही बारीक नजर! पण महिन्याभरात ती पिल्ले सूर्याच्या वाटेपर्यंत उडतात आणि परतून शास्त्रार्थ बोलू लागतात. पंडित झालेल्या पिल्लाची भूक आपल्याला जाणवत नाही.

बाणाचा हारीत हा जाबालीचा मुलगा. स्नानाला जाताना त्याला पिल्लू दिसते. तो त्याला काठावर नेतो, चोच वर करून पाण्याचे थेंब देतो, कमळाच्या पानाच्या सावलीत ठेवतो आणि मग आश्रमात आणतो. तेथे इतर तपस्वी विचारतात तेव्हा त्याने दिलेले उत्तर हा मला या भागाचा कळस वाटतो. झाड चढायला अवघड, म्हणून घरट्यात परत ठेवता आले नाही, असे तो आधी सांगतो. पंख फुटेपर्यंत आश्रमातल्या एखाद्या झाडाच्या ढोलीत राहू दे, देवभात आणि फळांचा रस भरवू. पंख आले की हवे तिकडे जाईल, नाहीतर लळा लागला तर येथेच राहील. अनाथाला सांभाळणे हे आपले कामच आहे. हे पिल्लू कोण, पूर्वजन्मी कोण होते, हे त्याला ठाऊक नाही. ते जाबाली नंतर सांगतो, आणि माझ्या मते तेथून पिल्लू हरवते व शापाची कथा सुरू होते.

आजचे पक्षितज्ज्ञही याच क्रमाने सांगतात. उघडे पिल्लू पडले तर आधी घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही आपल्याकडची समजूत खोटी आहे. पिसे फुटलेले पिल्लू जमिनीवर उड्या मारत असेल तर बहुधा ते पोरके नसतेच, आईबाप जवळच असतात. मांजर हाकलावे आणि दूर व्हावे. दूध देऊ नये, पक्ष्यांना ते पचत नाही. हारीताची एक गोष्ट मात्र घरातल्या मुलांनी करू नये. चोचीत पाणी सोडू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि थेंब फुप्फुसात जातो. आणि लळ्याचे म्हणाल, तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचा रानराघू घरी पाळताच येत नाही. हारीताने दुसरी वाट मोकळी ठेवली होती, कायद्याने पहिलीच ठेवली. लेखक म्हणून मला कायद्याची बाजू पटते. पिल्लू वाढवणाऱ्याची खरी परीक्षा ते उडून जाते त्या दिवशी असते, आणि तो दिवस आमच्या मराठी गोष्टींत उजाडतच नाही.

‘कादंबरी’त तो उजाडतो, पण बाणाच्या हातून नव्हे. पुस्तक अर्धे असताना बाण वारला आणि त्याच्या मुलाने ते पुरे केले. अपुऱ्या कथेने रसिकांना झालेले दुःख पाहून आपण हे हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असे तो आरंभीच सांगतो. त्याच्या भागात पिल्लाला पंख येतात. ते एके सकाळी उत्तरेकडे उडते, थकते, पाणी पिऊन एका झाडावर झोपते आणि जागे होते ते जाळ्यात. तेथून पिंजरा, आणि पिंजऱ्यातून शूद्रकाचा दरबार. त्या पिंजऱ्याचे वर्णन बापाने ग्रंथाच्या सुरुवातीसच करून ठेवले आहे: गज सोन्याचे आहेत, पण आतल्या पोपटाच्या हिरव्या झाकेने ते पाचूचे वाटतात. पहिल्या वाचनात आपण त्या कल्पनेला दाद देतो. सगळे वाचून झाल्यावर त्या पानाकडे परत गेले, म्हणजे ते गज मोजावेसे वाटतात.