अध्यात्म कोणाचें?

‘अध्यात्म’ हा शब्द हल्लीं जितका स्वस्त झाला आहे तितका पूर्वीं क्वचितच झाला असेल. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकांस हें सांगावयास नको. सकाळच्या लोकलगाड्यांत टाळ वाजवीत अभंग म्हणणारीं भजनी मंडळें आहेत. घाटकोपरांत पहाटे अनवाणी देरासराकडे निघालेलीं जैन कुटुंबें आहेत. अंधेरीच्या उंच इमारतींत ध्यानाचे वर्ग भरतात, आणि तेथें जाणारा तरुण ‘मी धार्मिक नाहीं, पण आध्यात्मिक आहें’ असें आवर्जून सांगतो. या सर्वांच्या शेजारींच, घरांत देव्हारा न ठेवणारा, सचोटीनें नोकरी करून वृद्ध आईबापांची सेवा करणारा एखादा गृहस्थ असतो. त्याला कोणी आध्यात्मिक म्हटलें तर तो संकोचतो. न म्हटलें तर त्याच्या पत्नीला वाईट वाटतें. इतक्या निरनिराळ्या माणसांचा या एका शब्दावर सारखाच हक्क आहे काय? आस्तिक आणि नास्तिक हा शब्द उच्चारतात तेव्हां दोघांच्या मनांत एकच वस्तु असते काय? आपल्या वाङ्मयानें या प्रश्नाचें काय केलें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम शब्दांचीच चौकशी करावी. ‘अध्यात्म’ या शब्दांत ईश्वर नाहीं, आत्मा आहे. गीतेच्या आठव्या अध्यायांत अध्यात्म म्हणजे काय असा अर्जुनाचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर ‘स्वभाव’ या शब्दानें दिलें आहे. भाष्यकारांनीं त्याचा अर्थ आपापल्या मताप्रमाणें लावला ही गोष्ट निराळी. ‘नास्तिक’ शब्दाचीहि तीच कथा. आज आपण देव न मानणारास नास्तिक म्हणतों. दर्शनांच्या जुन्या वर्गीकरणांत मात्र वेदांचें प्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. म्हणून जगत्कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य व मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीस बसले, आणि जन्मभर व्रतस्थ राहणारे जैन मुनि व बौद्ध भिक्षु चार्वाकाच्या शेजारीं जाऊन पडले. घाटकोपरच्या देरासरांत ज्या तीर्थंकराची पूजा होते तो जैन तत्त्वज्ञानाप्रमाणें जग निर्माण करणारा नव्हे. तेव्हां ईश्वराशिवाय साधना ही कल्पना पश्चिमेकडून आलेल्या बोटीवर चढून आमच्याकडे आली, हा समज मुळांतच टिकत नाहीं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीचीं लेणीं या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरण्यास प्रारंभ होऊन पुढें कित्येक शतकें वसलेल्या या डोंगरांत शंभराहून अधिक लेणीं आहेत. त्यांपैकीं पुष्कळ म्हणजे एक खोली, एक दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचें टांकें. जगाला कर्ता आहे असें न मानणाऱ्या मार्गानें चालणाऱ्या माणसाचा एवढाच संसार. परंतु याच डोंगरांत, पुढच्या काळांत, नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यांत अवलोकितेश्वराचा एक शिल्पपट कोरला गेला. मध्यें ती करुणामूर्ति आणि बाजूंना संकटांत सांपडलेलीं माणसें: कोणावर सिंह चालून आला आहे, कोणाचें जहाज बुडत आहे, आणि तीं सर्व त्या मूर्तीला हांक मारीत आहेत. ईश्वरावांचून निघालेल्या वाटेवरहि, जहाज बुडूं लागलें कीं माणसाला कोणाला तरी हांक मारावीशी वाटली. आमच्या मतें आस्तिक व नास्तिक यांच्यांतील खरा भेद येथें आहे. हें जग कोणीं निर्माण केलें हा वाद पंडितांचा. सामान्य माणसाचा प्रश्न एवढाच कीं, हांक मारली असतां ती ऐकणारा कोणी आहे, कीं नाहीं?

अर्वाचीन महाराष्ट्रांत हा भेद न्यायमूर्ति रानडे व गोपाळ गणेश आगरकर यांच्या रूपानें समोरासमोर उभा राहिला. १८६७ सालीं मुंबईंत प्रार्थना समाज निघाला आणि रानडे त्याचे आधारस्तंभ झाले. त्या समाजाच्या उपासनेंत मूर्ति नव्हती, पण प्रार्थना होती; म्हणजे ऐकणारा होता. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत पहाटे अभंग म्हणतां म्हणतां तल्लीन होणारे रानडे आपणांस भेटतात. आगरकरांना अशी पहाट नव्हती. ‘देवतोत्पत्ति’ या आपल्या लेखमालेंत देवाची कल्पना मानवी मनांत कशी उपजली याचा शोध त्यांनीं घेतला, आणि त्या शोधानंतर हांक मारण्यास कोणी उरलें नाहीं. तरी १८९१ सालच्या संमतिवयाच्या वादांत हे दोघे एकाच बाजूस होते. बालवधूचें दुःख दोघांनाहि सारखेंच दिसलें. लोकांची निंदा दोघांनींहि सोसली. पण दिवस मावळल्यावर रानड्यांना तें सांगण्यास जागा होती, आगरकरांना नव्हती. दम्यानें जर्जर झालेले आगरकर १८९५ सालीं, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं वारले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडूं नये म्हणून त्यांनीं त्यासाठीं पैसे बांधून ठेविले होते, असें त्यांचे चरित्रकार सांगतात.

ही हकीकत सांगून झाली कीं आमच्या लेखकांना एक मोह आवरत नाहीं. ते आगरकरांना संतमालिकेंत नेऊन बसवितात. देव मानीत नव्हते खरे, पण अंतर्यामीं खरे आध्यात्मिक तेच, असा निकाल देऊन सभा टाळ्यांच्या गजरांत संपते. हा गौरव दिसावयास उदार आहे. वस्तुतः तो आगरकरांचा नकार त्यांच्या हातून काढून घेतो. जो मनुष्य विचारपूर्वक एक दार बंद करतो, त्याला त्याच्या मृत्यूनंतर उचलून त्याच दारांतून आंत नेणें, हा आदर नव्हे. उलट बाजूचे लोकहि हाच खेळ खेळतात. तुकोबा हे मनांतून समाजसुधारकच होते, विठ्ठल हें केवळ निमित्त, असें सांगणारे बुद्धिवादी आपणांस ठाऊक आहेत. तुकोबांचा विठ्ठल वजा केला तर उरेल तें ढोंगावरचें जळजळीत भाष्य असेल. तुकोबा उरणार नाहींत. ‘शेवटीं सारें एकच’ हें वाक्य भेद मिटवीत नाहीं. ज्याचें मत आपणांस अडचणीचें वाटतें त्याचें तोंड तेवढें गोडीनें बंद करतें.

हा मोह टाळून लिहिलेलें एक छोटें लेखन मराठींत आहे, आणि तें पुन्हा वाचण्याची शिफारस आम्ही वाचकांस करतों. इरावतीबाई कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या १९४९ सालच्या संग्रहांतील ‘वाटचाल’ हा तो लेख. इरावतीबाई पुण्यांत रँग्लर परांजपे यांच्या बुद्धिवादी घरांत वाढल्या; महर्षि कर्वे यांच्या त्या सून, आणि ‘समाजस्वास्थ्य’कार रघुनाथराव कर्वे त्यांचे दीर. बर्लिनची पदवी घेऊन आलेली ही मानववंशशास्त्राची पंडिता ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपुराकडे निघाली. सोबतच्या बायकांजवळ विठ्ठल होता. हिच्याजवळ कुतूहल होतें, आणि कुतूहलाहून खोल असें कांहीं, ज्याला नांव देण्याची घाई ती करीत नाहीं.

या लेखाचा पहिला गुण हा कीं, लेखिका आपल्याकडे नसलेली श्रद्धा उसनी आणीत नाहीं आणि दुसऱ्याकडे असलेलीचें शवविच्छेदनहि करीत नाहीं. अभंगांची लय, पावसाळी वाट, बायाबापड्यांचा सहवास यांत तिला होणारा आनंद ती मोकळेपणानें सांगते. दुसरा गुण याहून मोठा. वाटेनें एकच अभंग म्हणत चालणारीं माणसें मुक्कामावर पोहोंचलीं कीं ब्राह्मणांची चूल वेगळी व मराठ्यांची वेगळी, हें ती पाहते, आणि त्याची खंत तिला रोज वाटते. ती नुसती खंत करून थांबत नाहीं. मराठा बायांच्या पंक्तीला जाऊन जेवते, आणि त्यानंतर त्या बाया हिचा हात धरून आपलें सुखदुःख सांगूं लागतात. भक्तीनें वाटेवर जें साधलें होतें तें ताटापर्यंत पोहोंचलें नव्हतें. तें तेथवर नेण्यासाठीं एका पाहुणीला भाकरी खावी लागली. अध्यात्माची कसोटी भजनांत लागत नाहीं, पंगतींत लागते, हें या लेखानें कोठेंहि उपदेश न करितां दाखविलें आहे.

लेखाला मर्यादा नाहींत असें नाहीं. पंढरीच्या वारीवरून महाराष्ट्राची व्याख्या करावी, असें इरावतीबाईंना त्या वाटेवर सुचलें. कल्पना मोहक खरी. पण जे त्या वाटेनें जात नाहींत, किंवा ज्यांना वाटेच्या शेवटीं दार बंदच मिळालें, ते या व्याख्येंत कोठें बसतात? चोखोबांची समाधि देवळाच्या बाहेर, पायरीशीं आहे. ‘परिपूर्ती’ प्रसिद्ध होण्यापूर्वीं दोनच वर्षें, १९४७ च्या मे महिन्यांत, विठ्ठलाचें मंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केलें, आणि तें दार उघडलें. साने गुरुजी श्रद्धावान होते. त्यांच्या दृष्टीनें हांक ऐकणारा आंत होता, आणि म्हणूनच हांक मारणारांना बाहेर ठेवणें त्यांना सहन झालें नाहीं. आस्तिकाचें अध्यात्म याहून मोठें काय असावें?

परंतु ज्यांच्यासाठीं तें दार उघडलें त्यांतील लक्षावधींनीं पुढें निराळाच मार्ग धरला. १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली. पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथांत ईश्वरहि नाहीं आणि आत्माहि नाहीं. ईश्वराची जागा नीतीला दिलेली आहे. मग आत्म्यावरून बनलेला ‘अध्यात्म’ हा शब्द या धम्माला लावावा काय? आमच्या मतें लावूं नये. त्यामुळें त्याचें मोल तिळमात्र कमी होत नाहीं. शब्द आपल्याला प्रिय आहे म्हणून तो दुसऱ्याच्या गळ्यांत घालण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

दोन निराळ्या मतांनीं एकत्र नांदावें कसें, याचाहि एक धडा आपल्याकडे अलीकडेच होऊन गेला. देवाला आतां निवृत्त करावें असें डॉ. श्रीराम लागू उघड म्हणत. १९८९ सालीं अंधश्रद्धा निर्मूलन समिति उभारणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची भूमिका निराळी: देव मानणें न मानणें ज्याचें त्यानें ठरवावें, देवाच्या नांवानें होणारी फसवणूक तेवढी थांबवावी. हे दोघे एकाच व्यासपीठावर बसून, श्रोत्यांसमोर, आपला मतभेद न लपवितां वाद-संवाद करीत गांवोगांव हिंडले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठीं ते झटले तो त्याच वर्षीं झाला, आणि भजन, कीर्तन, यात्रा यांना त्यानें बाध येत नाहीं, असें त्यांतच नमूद आहे. वारीवर गदा येईल म्हणून ज्यांनीं ओरड केली होती त्यांनीं तें कलम एकदां वाचावें.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें. आस्तिकाचें अध्यात्म हें एक नातें आहे; त्यांत रुसणें आहे, विनवणें आहे, आणि दमल्यावर डोकें टेकण्यास जागा आहे. नास्तिकाजवळ जें आहे तें नातें नव्हे, जबाबदारी आहे. ऐकणारा कोणी नाहीं म्हणून शेजाऱ्याची हांक आपणच ऐकली पाहिजे, ही ती जाणीव. एकाला आधार अधिक आहे. दुसऱ्याला सबब कमी आहे. दोघांपैकीं श्रेष्ठ कोण हें ठरविण्याची टीकाकारास आवश्यकता नाहीं. पण दोन्ही एकच आहेत असें म्हणून विषय आटोपण्याची मुभाहि त्याला नाहीं. दोघांस लावतां येईल असें माप एकच, आणि तें ‘वाटचाल’ लिहिणाऱ्या बाईंनीं आपल्या हातीं दिलें आहे: मुक्कामाला पोहोंचल्यावर तुम्ही कोणाच्या पंक्तीला बसतां?