‘सौर निःक्षारीकरण’ : एका संज्ञेची चिकित्सा

समुद्राचे पाणी सूर्यशक्तीच्या साहाय्याने पिण्याजोगे करण्याच्या उपक्रमांना मराठीत ‘सौर निःक्षारीकरण’ ही संज्ञा लावली जाते. संज्ञा सुटसुटीत आहे. परंतु तिच्या दोन्ही पदांनी काय गृहीत धरले आहे, हे तपासल्यावाचून शास्त्रीय विवेचनात तिचा स्वीकार करणे इष्ट नव्हे.

प्रथम ‘सौर’ हे विशेषण घ्यावे. सूर्याचा क्रियेशी संबंध आहे एवढेच ते सांगते. तो कोणता, हे सांगत नाही. वस्तुतः असा संबंध तीन प्रकारचा आढळतो. चिलीच्या आटाकामा वाळवंटात लास सालिनास येथे १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन याने उभारलेल्या संयंत्रात सूर्य हा साक्षात कर्ता होता. काचेच्या छपराखाली खारे पाणी तापे, वाफ काचेवर निवे आणि थेंब ओघळून गोडे पाणी साचे. दिवसाकाठी वीस हजार लिटरांहून अधिक पाणी तेथे मिळत असे. कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकावर मद्रासच्या आय.आय.टी.ने बसविलेल्या संयंत्रात सूर्य केवळ करण आहे: त्याच्यापासून वीज, विजेवर पंप, आणि पंपाच्या दाबाने पडद्यातून पाणी. ऑस्ट्रेलियात पर्थनजीक क्विनाना येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या संयंत्राचा प्रकार तिसरा. ते सामान्य वीजजाळ्यातून वीज घेते. तिच्या बदल्यात ईमू डाउन्स येथील पवनक्षेत्राची वीज जाळ्यात जमा होते. येथील संबंध हिशेबाचा आहे. व्याकरणकारांनी षष्ठीच्या संबंधास कारकांत स्थान दिले नाही, याचे स्मरण येथे व्हावे. सूर्यशक्तीच्या बाबतीतही हीच व्यवस्था केली, तर तिलाही ‘सौर’ म्हणण्यास कोणी कचरत नाही.

हा भेद केवळ शब्दच्छल नव्हे. एक घनमीटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे साडेसहाशे किलोवॉट-तास उष्णता लागते. तेवढेच समुद्रजल पडद्यातून गाळण्यास तीन ते चार युनिट वीज पुरते. म्हणून साध्या सौर ऊर्ध्वपातनात दर चौरस मीटरमागे दिवसास तीन ते पाच लिटर पाणी हाती येते. तितक्याच क्षेत्रावरील सौरपटलाची वीज मात्र दोनशे लिटरांच्या आसपास पाणी देऊ शकते. उलटपक्षी, पडद्यांची मोठी संयंत्रे अहोरात्र चालविणे सोयीचे, आणि सूर्य तर मावळतो. त्यामुळे ती बहुधा तिसऱ्या प्रकाराकडे वळतात. एकच विशेषण तिन्हींना लावल्याने हा सारा विचार झाकला जातो.

दुसरे पद ‘निःक्षारीकरण’. रसायनशास्त्रात क्षार व लवण भिन्न आहेत, म्हणून ‘निर्लवणीकरण’ म्हणावे, असा आक्षेप संभवतो. तो फारसा टिकत नाही. ‘पाण्यातले क्षार’ हा प्रयोग मराठीत रुळलेला आहे, आणि रूढीपुढे व्युत्पत्तीने आग्रह धरू नये. खरा दोष ‘निः’ या उपसर्गात आहे. तो क्षार नाहीसे झाल्याचे सुचवितो. प्रत्यक्षात ते उरलेल्या पाण्यात दाटून समुद्राकडे परततात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठातील संशोधकांच्या २०१९ मधील अभ्यासानुसार जगात दररोज ९.५ कोटी घनमीटर गोड्या पाण्यामागे १४.२ कोटी घनमीटर तीव्र खारे पाणी निर्माण होत होते. कोकणातील मिठागरातही हाच सूर्य हेच बाष्पीभवन करतो. परंतु तेथे मागे काय राहिले, हे नावच सांगते.

या चिकित्सेचे व्यावहारिक महत्त्व उघड आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने मनोरी येथे दररोज २० कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प योजिला. अशा प्रकल्पास ‘सौर’ हे विशेषण लावले गेल्यास, वीज कोठून येणार आणि दाट खारे पाणी किनाऱ्यापासून किती दूर व कसे सोडणार, हे प्रश्न अप्रस्तुत वाटू लागतील. शक्ती निर्मळ असल्याने उत्सर्गही निर्मळ ठरत नाही.

तेव्हा ‘सौरतापीय’, ‘सौरविद्युत्-चालित’ आणि ‘सौरशक्ती-प्रतिपूरित’ अशी तीन विशेषणे वेगळी राखावीत, व क्रियेस ‘क्षारविलगीकरण’ म्हणावे. हे शब्द काहीसे बोजड आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु विलग केलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या शब्दाच्या ओघातच येतो. प्रचलित संज्ञा तो विचारूच देत नाही.