वाकवाकचे झाड

इस्लामी कलेविषयी आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली आहेत. आपली माणसे म्हणतात, आमची कला म्हणजे वेलबुट्टी आणि सुलेखन. सजीवांची चित्रे आमच्यात नाहीत. टीकाकार म्हणतात, म्हणूनच तुमच्यात चित्रकला नाही. आम्हाला दोन्ही वाक्ये अपुरी वाटतात. वाकवाकचे झाड त्याला साक्ष आहे.

दूर समुद्रातल्या वाकवाक बेटावर माणसांच्या आकाराची फळे धरणारे झाड आहे, ही कथा अरबी-फारसी 'अजायब' ग्रंथांतून शतकानुशतके फिरत राहिली. फिरदौसीच्या 'शाहनामा'तही (सुमारे १०१०) सिकंदराला बोलणारे झाड भेटते. त्याचे एक खोड दिवसा बोलते, दुसरे रात्री. आणि सांगतात काय, तर त्याचा मृत्यू जवळ आल्याचे! कवीने झाडाला वाणी दिली; १३३० च्या दशकातल्या इराणी चित्रकाराने त्याला माणसांची, जनावरांची डोकी दिली. ते चित्र आज वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे. जग जिंकायला निघालेल्या बादशहाला एक झाड सुनावते, हे त्या डोक्यांमुळे डोळ्यांना पटते. येथे नवल हे सजावट नाही, अर्थ आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल कारागिरांनी लाल गालिच्यावर वेलींतून हत्तींची आणि हिंस्र पशूंची तोंडे काढली. त्याचे तुकडे आज अनेक संग्रहालयांत विखुरले आहेत. तिथे नजर आधी नक्षी पाहते आणि मग दचकते. हा खेळ देखणा आहे, पण सिकंदराच्या झाडाचा धाक त्यात उरत नाही, असे आमचे मत आहे.

धर्मशास्त्रज्ञांची नापसंती खोटी नव्हती. ही चित्रे मशिदीत नव्हती, दरबारी पोथ्यांत आणि मुरक्क्यांत होती. पण ती काढणारे आणि जपणारेही आपलेच होते. वेल आणि जीव यांत त्यांनी भिंत घातली नाही. एकाच फांदीवर दोघांना जागा दिली.

सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्याच दख्खनमध्ये, गोवळकोंड्यात, वाकवाकचे झाड रंगवले गेले. ते आज बर्लिनच्या इस्लामी कला संग्रहालयात आहे. मराठीतून लिहिणाऱ्या आपणा मुसलमानांना त्याची ओळख नसावी, हे बरे नाही. 'आमच्यात चित्रे नाहीत' हे म्हणण्यापूर्वी निदान हे झाड पाहावे.