सेनबाबूंचा अर्ज

आगगाडीच्या प्रवासातील गमतीजमती आणि सार्वजनिक ठिकाणच्या हास्यास्पद पाट्या यांच्या संग्रहांत एक पत्र हटकून सापडते. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नामक बंगाली गृहस्थांनी साहिबगंजच्या विभागीय रेल्वे कचेरीस ते लिहिले, आणि दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते मांडलेले आहे. हकीकत थोडक्यात अशी. फणसाने पोट फुगलेले सेनबाबू अहमदपूर स्थानकावर उतरून मोकळे होण्यास बसले; इतक्यात गार्डाने शिटी फुंकली. एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर अशा स्थितीत ते धावले, पडले, आणि फलाटावरील स्त्रीपुरुषांच्या देखत जे झाकावयाचे ते उघडे पडले. गाडी निघून गेली. फणसाचा प्रताप गोमंतकीय वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

संग्रहकार हे पत्र छापतात ते त्यातील मोडक्यातोडक्या इंग्रजीसाठी. साहेबाच्या अमदानीत ‘बाबू इंग्रजी’ची थट्टा हा करमणुकीचा एक मान्य प्रकार होता. साहेब गेला, त्याचे हसू मात्र आपण वारसाहक्काने घेतले, असे हे संग्रह चाळताना वाटते. सेनबाबूंची क्रियापदे लंगडतात हे खरे. पण विनोद क्रियापदांत आहे काय?

अर्ज लिहिण्यावर माझे पोट चालते, म्हणून मी हे पत्र अर्ज म्हणून वाचून पाहिले. घटना कोठे घडली, कोणाच्या कृतीने घडली, हानी कोणती झाली, मागणी काय, आणि ती मान्य न झाल्यास अर्जदार काय करणार, हे सर्व त्यात अनुक्रमाने आले आहे. आमच्या व्यवसायात एवढ्या मजकुरास चार पाने लागतात, आणि त्यांतली तीन ‘सविनय’ असतात. शिवाय सेनबाबू स्वतःसाठी एक पैही मागत नाहीत. गार्डास दंड व्हावा, तोही लोकहितासाठी. न झाल्यास आपण वर्तमानपत्रांत लिहू, एवढेच त्यांचे म्हणणे. निसर्गाच्या हाकेस गेलेल्या उतारूसाठी गाडी पाच मिनिटे थांबू नये काय, या त्यांच्या प्रश्नास उत्तर देणे कोणत्याही अधिकाऱ्यास कठीण गेले असते.

बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकविणाऱ्या चि. वि. जोशी यांचा चिमणराव येथे आठवतो. त्याच्याही फजितीला सीमा नसते. परंतु ती तो स्वतः सांगतो, आणि आपल्याला हसण्याची मुभा त्याच्याकडूनच मिळते. सेनबाबूंनी अशी मुभा कोणाला दिली नव्हती. ते तक्रार करीत होते. तक्रारीस विनोद म्हणून छापणे हा तिचा निकाल लावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

या पत्रामुळेच खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये आली, असे संग्रहकार पुढे ठोकून देतात. आधी पत्र आले आणि नंतर सोय झाली, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे पहिल्या वर्षाचा कायद्याचा विद्यार्थीही सांगेल. खरी गंमत त्यापुढची आहे, आणि ती त्यांच्या नजरेतून निसटली. शौचालय आले, आणि त्याच्या दारावर पाटी आली: गाडी स्थानकात उभी असताना याचा वापर करू नये. म्हणजे उतारू बसला असता गाडी उभी राहत नाही, आणि गाडी उभी असता उतारूने बसू नये! मैला थेट रुळांवर पडत असे, म्हणून हा नियम. आता डब्यांना जैविक शौचालये बसली आहेत आणि त्या पाटीचे कारण उरलेले नाही. इंजिनचालकांसाठी मात्र इंजिनात अशी सोय करण्यास २०१६ साली प्रारंभ झाला, आणि कितीतरी इंजिनांत ती अजून नाही. सेनबाबूंस निदान उतरता तरी आले.

गेल्या जत्रेच्या रात्री पालखीची वाट पाहत आम्ही काही मंडळी देवळाच्या अग्रशाळेत बसलो होतो. कोणीतरी हे पत्र मोठ्याने वाचले आणि हशा उसळला. कोपऱ्यात फुलांच्या माळा ओवीत बसलेल्या एका वृद्ध बाईंनी तेवढे हात थांबवून विचारले, “मागीर त्या बाबड्याक दुसरी गाडी केन्ना मेळ्ळी?”