दोन दिवसांची मुंबई

गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' मी आजवर तीनदा वाचले. दोनदा शिकविण्याच्या निमित्ताने, आणि तिसऱ्यांदा गेल्या श्रावणात, अगदी घरगुती कारणासाठी. आमच्या जुळे सोलापुरात शेजारी राहणाऱ्या अक्कांना मुंबई पाहावयाची होती. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे, आणि मुंबईला आजवर पाऊल लागलेले नाही. सवड दोन दिवसांची. त्याहून अधिक काळ घर सोडता येत नाही, कारण यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत. "मास्तर, तुमी पुस्तकवाले. तेवढा बेत आखून द्या की," असे म्हणून त्यांनी हे काम माझ्या गळ्यात घातले.

मुंबईविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की हे काम चुटकीसरशी होईल, असा माझा समज होता. कपाटातून पुस्तके काढून मांडली आणि समज उतरला. 'बटाट्याची चाळ' (१९५८) घ्या, जयवंत दळवींचे 'चक्र' (१९६३) घ्या, भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' (१९६५) घ्या, नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६) घ्या. ही सारी मुंबईत राहणाऱ्यांची, मुंबई भोगणाऱ्यांची मुंबई. तिच्यात चार घटका आलेल्या माणसाला बसायला पाट नाही. पु. लं. नी प्रवासाच्या बेताची थट्टा केली तीही चाळकऱ्यांच्या पुण्याच्या सहलीची. उलट दिशेने येणाऱ्याची नव्हे. हा त्या लेखकांचा दोष असे मी म्हणत नाही. ज्याला जिथे जन्म काढायचा आहे, त्याने पाहुण्याच्या सोयीसाठी का लिहावे? परंतु पाहुणा म्हणून जाणाऱ्यास ही पुस्तके उपयोगी पडत नाहीत, एवढे खरे.

माडगांवकरांचे तसे नाही. ते जन्माने गोव्याकडचे, १८२४ साली लहान वयात मुंबईस आलेले. बाहेरून आलेल्याचे डोळे त्यांनी शेवटपर्यंत जपले, असे त्यांचे पुस्तक वाचताना मला सारखे वाटते. टांकसाळ, गोदी, बाजार, देवळे, तळी, कापसाचा व्यापार, आगगाडी, निरनिराळ्या जातींचे रीतिरिवाज. जे दिसेल ते थांबून पाहायचे आणि शक्य तिथे आकडा द्यायचा, ही त्यांची रीत. आणखी एक योगायोग सोलापूरकराने लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुस्तक निघाले १८६३ साली. आमच्या गावी रेल्वे १८६० सालीच आली होती, पण बोरघाट मधे आडवा होता, तो रेल्वेवाचून ओलांडावा लागे. घाटातला लोहमार्ग पुरा झाला तोही १८६३ सालीच. म्हणजे सोलापूरच्या माणसाला सलग आगगाडीने मुंबई गाठता येऊ लागली त्याच वर्षी, गेल्यावर काय काय आहे ते सांगणारे मराठी पुस्तकही त्याच्या हाती आले. इतका वेळेवर निघालेला ग्रंथ आपल्याकडे क्वचितच आढळेल!

म्हणून मी माडगांवकरांच्या पद्धतीने बेत आखला. त्यांची ठिकाणे नव्हे, ती पुष्कळशी बदलली आहेत, पद्धत त्यांची. सारे शहर डोळ्यांपुढे आणावयाचे आणि क्रमाने मांडावयाचे. अकरा ठिकाणे झाली. गेटवे, राणीचा बाग, हाजी अली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, घारापुरी... ताव सुबक दिसत होता. अक्कांनी तो मला वाचून दाखवायला लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "समदं चांगलं हाय. पण दादाची खोली कुठं ऱ्हायली यात?"

अक्कांचे वडील सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये होते. १८७७ साली निघालेली ती गिरणी १९६३ साली बंद पडली, आणि थोरला भाऊ मुंबईस जाऊन तिथल्या गिरणीत लागला. लालबागेत चाळीत एक खोली. तिथून मनीऑर्डर येई. तिच्या कुपनावर दोन ओळी आणि पत्ता. १८ जानेवारी १९८२ पासून गिरणगावात संप झाला, तशा मनीऑर्डरी थांबल्या. भाऊ दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेला यायचा, म्हणून अक्कांना तिकडे जायचे कारण पडले नाही. आता तो नाही. भाचा डोंबिवलीस राहतो. चाळ येत्या वर्षी पुनर्विकासासाठी रिकामी व्हायची आहे. हे सारे मला माहीत होते. तरी तावावर अकरा ठिकाणे उतरली आणि ते एक उतरले नाही.

यातून माडगांवकरांच्या ग्रंथाची एक उणीव मला प्रथमच दिसली. त्यांना सारेच आवडते. देऊळ, तळे, गिरणी, बाजार, सगळ्यांविषयी तोच उत्साह, तोच स्वर. किती आहे ते ते सांगतात. दोहोंपैकी एकच पाहता येणार असेल तर कोणते, हे सांगत नाहीत. मुक्कामाला महिना असेल त्याला हा ग्रंथ कल्पवृक्ष. छत्तीस तास असतील त्याला तो गोंधळात टाकतो. हा उणेपणा ज्ञानाचा नव्हे, मायेचा आहे, म्हणून क्षम्य. परंतु त्याची पुढची पिढी पाहा. माझ्याकडे एका सहल कंपनीचे पत्रक आहे, 'दोन दिवसांत मुंबई', ठिकाणे चौदा. माडगांवकरांची यादी तिथे उरली आहे, त्यांची माहिती तेवढी गळून गेली आहे. कोणत्या ठिकाणी जिने किती, बसायला जागा कुठे, याचा अक्षराने उल्लेख नाही. माडगांवकरांनी तो खचित केला असता!

तेव्हा दुसरा बेत कुपनावरच्या पत्त्यापासून आखला. मुक्काम त्याच खोलीत. किल्ली भाच्याजवळ आहे. "आत्या, डोंबिवलीलाच चल" असा त्याचा आग्रह होता, पण डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे येणे म्हणजे सगळ्या गर्दीबरोबर येणे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोचायचे. जो तो म्हणतो, लालबागला जायचे तर दादरला उतरा. मी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ठरविले. दादरला गाडी थोडीच थांबते आणि मागची माणसे ढकलतात. शेवटच्या स्थानकावर डबा रिकामा झाल्यावर सावकाश उतरता येते. तिथून धीम्या लोकलने मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा आणि चौथे चिंचपोकळी. सकाळी मुंबईची गर्दी दक्षिणेकडे वाहते, आपण उत्तरेकडे जायचे. बसायला जागा मिळते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात मला मिळाले नाही, एका जुन्या विद्यार्थ्याने दिले.

दुपारी विश्रांती झाल्यावर एकच ठिकाण: भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली उघडलेले. तिथे निरनिराळ्या लोकांच्या पागोट्यांचे आणि धंद्यांचे छोटे नमुने मांडले आहेत. माडगांवकर ज्या मुंबईचे वर्णन करतात ती जणू कपाटात ठेवलेली आहे. शिवाय बाहेर घारापुरीचा तो भग्न दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. लेणी राहिली, पण नाव ज्याच्यामुळे पडले तो भेटला. आणि होडीचे हेलकावे वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगावची चौपाटी. समुद्र अक्कांनी पाहिलेला नाही, तो मी माझ्या जबाबदारीवर घातला आहे. त्यापुढचे चार तास कोरे ठेवले. एखाद्या शेजारणीशी बोलणे लांबले तर चौपाटीही जाईल, असे तावावर स्पष्ट लिहिले आहे.

माझ्या पहिल्या तावावरच्या दहा गोष्टी गेल्या याचे मला थोडे वाईट वाटले, हे लपवीत नाही. विशेषतः राणीच्या बागेचे, कारण ती संग्रहालयाला लागूनच आहे. अक्का म्हणाल्या, "येळ उरला तर बघू," आणि कुपन तावाच्या घडीत ठेवून दिले.

तिकिटे काढली आहेत. जाताना सिद्धेश्वर, येताना २०२३ सालापासून धावणारी वंदे भारत, म्हणजे रात्री घरी. बुधवार तेवढा टाळला आहे. त्या दिवशी संग्रहालय बंद असते.